दुधातून दिलेली खाजकुयली

मामांनी गावाहून खाजकुयलीच्या बिया पाठवल्या तेव्हा बाबांच्या कंपवाताने आम्हा सगळ्यांना टेकीला आणलं होतं. हात कापणं हा त्यातला सगळ्यात कमी त्रास. उठता उठता ते अर्ध्यावर अडकायचे. तोंड उघडायचं, पण शब्द बाहेर यायचा नाही. अंधेरीच्या कारखान्यात जन्मभर मशीनं दुरुस्त करणारा हा माणूस घाटकोपरच्या आमच्या घरात खुर्चीत बसून राहायचा आणि संडासला न्यायला मी लागायचे. मुलीने धरून न्यावं लागतं याची त्यांना इतकी लाज वाटायची की ते पाणीच पिईनात.

डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण आईचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला होता. तिने बिया दुधात उकळल्या, सालं काढली, खिडकीत वाळवल्या आणि मिक्सरमधून बारीक भुकटी केली. पिशवीत चुकून एक शेंग आली होती. तिची कुसं घरभर उडाली आणि आम्ही सगळे खाजवून बेजार. "बाबांना बरं करता करता आपलीच वाट लागेल," मी म्हटलं. आईने भुकटी डब्यात भरली.

सकाळ-संध्याकाळ ती एक चमचा भुकटी पेलाभर गरम दुधात कालवून द्यायची आणि त्याच दुधाबरोबर गोळीही. आमच्याकडे औषध म्हटलं की दूध आलंच. वर दुपारी बांगड्याचं तिखलं, मधेच उकडलेलं अंडं. अंगात ताकद आली की पाय आपोआप चालतील, असं तिचं म्हणणं. मला नाही म्हणवेना. मीही आशेला लागले होते.

बाबा मात्र आणखीच आखडत गेले. शेवटी मी रजा टाकली आणि भुकटीचा डबा घेऊन डॉक्टरांकडे गेले. बोलणी खायची तयारी होती. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण डबा बघून हसल्या नाहीत.

"या बियांमध्ये आणि माझ्या गोळीत एकच द्रव्य असतं," त्या म्हणाल्या. "मला न विचारता दोन्ही देणं धोक्याचं आहे. उद्या त्यांना भास व्हायला लागतील. हे आजपासून बंद. पण देत होतात कशातून?"

"दुधातून."

"गोळीसुद्धा?"

मी मान डोलावली. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि मला समजेल असं सांगितलं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात, रक्तातलं वाटेल ते आत सोडत नाहीत. बाबांच्या मेंदूत जे कमी पडतं ते थेट दिलं तरी पलीकडे पोचत नाही. म्हणून त्याचं कच्चं रूप द्यायचं, ते आत जाऊन हवं ते बनतं. पण हे कच्चं रूप ज्या वाटेने आत शिरतं, त्याच वाटेने दूध, मासे, अंडी यांच्या प्रथिनांतले बारीक घटकही शिरतात. तिथे गर्दी झाली की औषध बाहेरच राहतं.

मला रडू आलं नाही, राग आला. कुणावर, ते ठरवता येईना. घरी येऊन आईला सगळं सांगितलं.

"म्हणजे मीच आडवलंय काय तेंका?" एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. दिवसा भात, भाजी, फळं. मासे आणि दूध फक्त रात्री. आणि खरंच फरक पडला. दिवसाचे काही तास बाबा चालू लागले. एकटे संडासला गेले, आतून कडी लावली. त्या कडीच्या आवाजाने मला जितका आनंद झाला तितका पगारवाढीनेही कधी झाला नव्हता.

पण रात्री औषध उतरलेलं असायचं. मासे खायची परवानगी तेव्हाच आणि जबडा हलायचा नाही तेव्हाच. आई काटे काढून भरवायची. घास तोंडात तसाच राहायचा आणि मग ती बोटाने तो बाहेर काढायची. बाबा वाळत चालले. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा पुढेमागे करून पाहिल्या, पण रात्र काही सुधारली नाही.

एका रविवारी बाबा सकाळीच स्पष्ट आवाजात म्हणाले, "आज दुपारी माका बांगडो होयो."

"बाबा, नको ना. पुढची गोळी लागू पडणार नाही, माहितीये तुम्हाला."

"नाय लागली तर नाय. माझ्या हातान काटे काढून खाऊंदे."

मी आईकडे बघितलं. तिने एरवी मला गप्प केलं असतं, पण आता तीही घाबरली होती. तरी उठली आणि बाजारात गेली.

दुपारी बाबांनी मांडी घालून, शांतपणे, एकेक काटा ताटाच्या कडेला ठेवत जेवण केलं. रस्सा बोटाने पुसून खाल्ला. आम्ही दोघी आपलं जेवण विसरून त्यांच्याकडे बघत होतो. नंतरची गोळी वेळेवर दिली. ती लागू पडली नाही. दिवेलागणीला ते खुर्चीत पार आखडले होते.

आई त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. "बरो होतो बांगडो?" तिने विचारलं.

बाबांचे ओठ हलले. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, कपाळावर घाम आला.

"रवांदे," आई म्हणाली. "कळला माका."

मला नाही कळलं. मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.