कापलेला पाइप

पेणच्या एसटी स्टँडमागे एका मेकॅनिकचं गॅरेज आहे, आणि तिथे जाऊन माझं डोकं फिरलं नाही असं कधी झालेलं नाही. गाडी दाखवली की आधी बोलणी खायची. "खड्डा दिसत नाय काय तुमाला?" असं विचारतो, जणू तो मीच खणला होता.

वाकलेलं लोखंड सरळ करायचं यंत्र त्याने स्वतःच जोडलंय: रुळाच्या दोन तुकड्यांमध्ये बसवलेला ट्रकचा जुना जॅक. जॅक दाबताना तो लोखंडालाही झापतो. मग एक डोळा मिटून पाइपाच्या कडेने बघतो आणि पुन्हा दाबतो.

माझ्या मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपचा पाइप त्याने गेल्या पावसाळ्यात असाच सरळ केला होता. परवा कासू गावाजवळ तोच पुन्हा वाकला. त्याने तो काढला, आधी वाकला होता त्या जागेवरून नख फिरवलं आणि मला काही न विचारता ग्राइंडरने मधोमध कापला.

"अहो, माझा पाइप आहे तो!" मी ओरडलो.

"दोनदा वाकलेला पाइप चालत्या गाडीत मोडतो. नुसतं नाय म्हटलं असतं तर तुमी रोह्याला जाऊन सरळ करून आणला असता. नवा घेऊन या."

गाडी तिथेच टाकून, भर उन्हात, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी निघालो. दारात तारेला असेच कापलेले कितीतरी तुकडे टांगलेले होते. त्यांचे मालकही माझ्यासारखेच त्याला शिव्या घालत घरी गेले असणार. पण घरी गेले.