वलांडीची राखण

पडद्यावरच्या शिपायाला रमची पेटी चोरताना पकडलं. झडती घेतली तर त्याच्या खिशातून सुके बोंबील पडले. बोईसरचं सगळं थिएटर हसलं. आमच्या दांडी गावचे लोक जास्तच हसले, कारण फौजेत बोंबील नेणारा गावातला माणूस एकच, माझा नवरा. हे माझ्या शेजारीच बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

पिक्चर माझ्या बहिणीच्या मुलाने लिहिला होता. साहेबलोकांच्या नीतीची टिंगल आहे, असं त्याने सांगितलं होतं. आमच्या ओट्यावर बसून त्याने ह्यांच्याकडून सगळं काढून घेतलं. माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं तेही हे त्याला बोलले. रोज सकाळी जवानांना चांगल्या वागणुकीवर भाषण देणाऱ्या साहेबानेच पार्टीसाठी पेट्या नेल्या होत्या. स्टोअरची किल्ली ह्यांच्याकडे, म्हणून कोठडी ह्यांना झाली. पिक्चरमध्ये भाषण आहे, किल्ली आहे, बोंबील आहेत. फक्त चोर बदलला.

बाहेर आल्यावर मी भाच्याला धरलं.

"साहेब कुठं गेला रे?"

"मावशी, साहेबाला चोर दाखवला तर पिक्चर अडकतो. आणि काकांचं नाव कुठं घेतलंय मी?"

"मग ते बोंबील कोणाचे हायत? तुझ्या बापाचे?"

तो मोबाईल बघायला लागला.

आमच्याकडे बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, सुकत असतात. तिथे राखण कोणी करत नाही. दुसऱ्याच्या मासळीला गावात कोणी हात लावत नाही. पिक्चर बघून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारीण तिच्या वलांडीखाली खुर्ची टाकून बसली होती.

"काय गो, पाय दुखतात?" मी विचारलं.

"नाय काकी, राखण करतेय. तुमचे फौजी फिरतात ना इकडं."

मस्करीच होती. सगळ्या बाया हसल्या. ह्यांनी ऐकलं. बोंबलांची टोपली खाली ठेवली आणि घरी गेले. तेव्हापासून हे वलांडीवर येत नाहीत. बोंबील मी एकटीच टांगते, खांदे भरून येतात.

भाच्याचा पालघरला सत्कार झाला. आम्हाला बोलावणं होतं, गेलो नाही.

पेट्या साहेबाने नेल्या. कोठडीत माझा नवरा बसला.