पान त्रेचाळीसचा समास

रद्दीसाहेब अर्धा किलो खिळे आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि खिळे न घेताच, भांडून परत आले. दुकानदारानं पुडी बांधायला जे पान फाडलं होतं, ते भोकं पाडलेली कार्डं वाचणाऱ्या जुन्या यंत्राच्या माहितीपुस्तकातलं होतं. "अरे, पन्नास वर्षांपूर्वीचा कागद हा! याच्या चार प्रती कुठं उरल्या असतील नसतील, आणि तू त्यात खिळे बांधतोस? हात कसे झडत नाहीत तुझे?" दुकानदारानं उरलेलं अर्धं पुस्तक त्यांच्यापुढं आपटलं. "घेऊन जा. पण ओरडू नका, गिऱ्हाईक पळतंय माझं." पुस्तक छातीशी धरून ते घरी पोचले तरी त्यांची धुसफुस चालूच होती.

रद्दीसाहेब हे नाव गल्लीनं ठेवलेलं. त्यातलं 'रद्दी' ऐकलं की त्यांचं पित्त खवळायचं आणि 'साहेब' ऐकलं की जरा बरं वाटायचं, त्यामुळे नावाला त्यांनी कधी हरकत घेतली नाही. नोकरीभर ते मेकॅनिक होते. आधी टाइपरायटर, मग कार्डांना भोकं पाडणारी यंत्रं, मग रुंद कागदावर खडखडाट करत छापणारे प्रिंटर. कचेऱ्या-कचेऱ्यांतून दुरुस्तीला फिरताना त्यांनी एकच गोष्ट पाहिली: नवं यंत्र आलं की जुनं भंगारात, आणि त्याची पुस्तकं थेट बंबात. कुणाला खंत नाही, खेद नाही. तेव्हापासून माहितीपुस्तकं, प्रोग्राम लिहायचे चौकटींचे कागद, जाहिरातीची पत्रकं, कोरी कार्डं, जे मिळेल ते उचलून आणायचं व्रतच त्यांनी घेतलं.

मागची खोली या कागदांनी गिळली होती. "माझं शिलाईयंत्र बाल्कनीत आणि तुमचे कागद पलंगावर," बायको म्हणायची. "मी गेले की मलाही पाकिटात घाला आणि वर नंबर टाका, म्हणजे सापडेन तरी." रद्दीसाहेब यावर हसायचे नाहीत. पाकिटं हा त्यांच्या दृष्टीनं थट्टेचा विषय नव्हता.

त्यांची एक पद्धत होती. आलेला कागद आधी मऊ ब्रशनं झाडायचा. मग टीपकागदात दोन दिवस वजनाखाली ठेवायचा. मग पांढऱ्या मऊ खोडरबराचा कापलेला तुकडा घेऊन पानापानावरची पेन्सिलीची खाडाखोड, खुणा, आकडे, सगळं हलक्या हातानं पुसून काढायचं. या छंदातल्या माणसांत कोऱ्या समासाच्या प्रतीला फार मान. रद्दीसाहेबांच्या प्रती अशा असायच्या की जणू छापखान्यातून सकाळीच निघाल्यात. प्रत्येक पाकिटात एक नोंदकार्ड, त्यावर वर्ष, आवृत्ती, आणि शेवटी ठसठशीत अक्षरांत 'स्थिती: स्वच्छ'. पत्रांतून लोक विचारायचे, तुम्ही हे जमवता तरी कसं? त्या पत्रांचीही त्यांनी वेगळी फाइल केली होती.

तर अशा या माणसाला परीक्षा विभागाचं पत्र आलं. विभागाचं पहिलं गणकयंत्र बसलं त्याला पंचावन्न वर्षं होत होती, त्यानिमित्त एक दालन उघडायचं होतं, आणि यंत्राबरोबर मांडायला त्या काळचं छापील साहित्य हवं होतं. सोबत भिंतीवर लागणाऱ्या फलकांचा मजकूर तपासायला पाठवला होता. रद्दीसाहेबांना अस्मान ठेंगणं झालं. पत्र खिशात घालून ते तडक ताईकडं गेले, कारण हे दाखवायचं तर तिलाच.

ताई त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. बाविसाव्या वर्षी ती याच परीक्षा विभागात पंच ऑपरेटर म्हणून लागली. विद्यार्थ्यांचे अर्ज बघून कार्डांवर भोकं पाडायची, यंत्र ती कार्डं वाचायचं आणि प्रवेशपत्रं छापायचं. रद्दीसाहेबांच्या संग्रहातलं पहिलं पोतंही तिनंच दिलेलं. "जाळायला निघाले होते मेले, घेऊन जा," असं म्हणून तिनं ते दारात ठेवलं होतं, त्याला आता चाळीस वर्षं झाली.

ताईनं चष्मा लावला आणि मजकूर वाचायला घेतला. तिसऱ्या फलकापर्यंत ठीक होतं. चौथ्यावर ती थांबली. मग तिनं तो मोठ्यानं वाचला. "पंचिंग विभागातील पडताळणीच्या चुकांमुळे पहिल्याच वर्षी काही विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे अडली. विभागप्रमुखांनी स्वतः लक्ष घालून हा गोंधळ निस्तरला." तिनं कप इतक्या जोरात ठेवला की बशीला तडा गेला.

"पंचावन्न वर्षं झाली," ती म्हणाली. "पंचावन्न! माणसं मेली, यंत्र मेलं, तरी खापर आमच्याच डोक्यावर?"

मग ती जे बोलली ते रद्दीसाहेब आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. त्या वर्षी एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्या मुलांची कार्डं यंत्र बाद करत होतं. प्रमुखसाहेब खोलीत येऊन ओरडले, "पोरींचं लक्ष गप्पांत." ताईनं ती कार्डं तीनदा नव्यानं पाडली. प्रत्येक वेळी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं पडताळणीच्या यंत्रावर तोच मजकूर पुन्हा दाबून पाहिला. पडताळा जुळला की कार्डाच्या कडेला खाच पडायची, आणि प्रत्येक कार्डाला खाच पडली होती. तरी यंत्र बाद करायचंच. शेवटी ताई जेवणाच्या सुट्टीत विभागाचं माहितीपुस्तक घेऊन बसली आणि पान त्रेचाळीसवर तिला सापडलं: तिथं छापलेल्या, वय काढणाऱ्या प्रोग्रामला चालू वर्षात एकोणतीस फेब्रुवारी मिळतच नव्हता, म्हणून तो मूल जन्मलंच नाही असं धरून चालला होता.

"मी तिथंच समासात लिहिलं. तारीख घालून, ऑपरेटर नंबर घालून. खाली तिनं, ऑपरेटर बावीसनं, लिहिलं, पडताळलं, बरोबर. पुस्तक साहेबांसमोर धरलं. साहेब म्हणाले, ठीक आहे, कामाला लागा. तीन आठवड्यांनी तिला काढलं, पडताळणीत हयगय केली म्हणून. आणि पुढच्या महिन्यात पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली. पान त्रेचाळीस दुरुस्त, आणि दुरुस्तीवर नाव साहेबांचं! पहिल्या प्रती सगळ्या परत मागवल्या. माझी मी पर्समध्ये घालून घरी आणली."

"दुसरी नोकरी लागली तिला?"

"हयगयीचा शेरा असलेल्या मुलीला कोण ठेवतंय? मरेपर्यंत म्हणायची, एकदा कुणीतरी लिहून द्या की माझी चूक नव्हती." ताई उठली. "चल. माझं पुस्तक दे. तुला दिलेल्या पोत्यात मीच घातलं होतं, निळ्या पुठ्ठ्याचं."

निळा पुठ्ठा म्हटल्याबरोबर रद्दीसाहेबांना पांढरं खोडरबर आठवलं. पण माणूस अशा वेळी मुकाट चालत राहतो, तसे ते चालले.

गुडघे धरत ताई दोन जिने चढली. रद्दीसाहेबांनी पाकीट काढलं, पुस्तक टेबलावर ठेवलं. ताईनं पान त्रेचाळीस उघडलं. समास कोरा होता.

"इथलं कुठं गेलं?"

रद्दीसाहेबांनी नोंदकार्ड पाकिटात परत सरकवलं. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच तीन संध्याकाळी खर्चून हे पुस्तक साफ केलं होतं. अक्षर बहिणीचं आहे हे ओळखायचीही सोय नव्हती. पंचिंगच्या खोलीतल्या सगळ्या मुलींना एकेक अक्षर सुटं, चौकटीत बसवल्यासारखं लिहायला शिकवलेलं. सगळ्यांचं अक्षर एकच. आणि खरं सांगायचं तर त्यांनी ते वाचलंही नव्हतं. घाण म्हणून पाहिलं आणि घाण म्हणून पुसलं.

"स्वच्छ केलं," ते पुटपुटले.

"काय केलं?"

"स्वच्छ. ताई, समास कोरा लागतो. संग्रहात..."

"आग लागो तुझ्या संग्रहाला!" ताईचा आवाज असा चढला की बायको पीठ लागल्या हातानं धावत आली. "जगावर ओरडत फिरतोस, याने कागद जाळला, त्याने पुडी बांधली! अरे गाढवा, त्या खिळेवाल्यानं पानावरचं अक्षर तरी जागेवर ठेवलं होतं! जे छापलंय ते हजार ठिकाणी मिळेल. हातानं लिहिलेलं एकच होतं, ते माझ्या भावानं खोडलं. साहेबांना जे जमलं नाही, ते तू करून दाखवलंस!"

 रद्दीसाहेबांना राग आला होता, भयंकर आला होता, पण तो काढायला समोर कुणी नव्हतं. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. बायको ताईला म्हणाली, "ताई, बसा आधी, पाणी घ्या," आणि नवऱ्याकडं तिनं नुसतं पाहिलं. तेवढं पुरलं.

ताई बसली. पाणी पिऊन ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "किती दाबून लिहिलं होतं मी. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं."

रद्दीसाहेबांनी मान वर केली. "दाबून?"

"मग काय लाडानं लिहिणार?"

ते उठले, खिडकी लावली, पडदा ओढला आणि हत्यारांच्या पेटीतली बॅटरी काढली. टाइपरायटरच्या रबरी रुळावर अक्षरांचे खड्डे पडलेत का, हे वरून उजेड मारून कधी दिसत नाही. बॅटरी रुळाला चिकटवून आडवी धरावी लागते, हे ते उमेदवारीत पहिल्या आठवड्यात शिकले होते. त्यांनी बॅटरी पानाच्या कडेला आडवी ठेवली. कोऱ्या समासात खळग्यांच्या सावल्या उठल्या. बायको वाकून, अक्षर लावत वाचू लागली.

"तीनदा... नव्यानं... पंच केली. तीनदा बाद. चूक पंचिंगची नाही. चूक या पानावर आहे." मग तारीख. मग "ऑपरेटर सतरा."

"मी," ताई म्हणाली. "आता खाली बघ. खाली तिचं आहे."

रद्दीसाहेबांनी बॅटरी खाली सरकवली. डावीकडून धरली, उजवीकडून धरली, पान तिरकं केलं. खाली गुळगुळीत कागद होता.

"तिचा हात हलका होता," ताई म्हणाली. "कार्डंसुद्धा हळू उचलायची, कडा दुमडतील म्हणून." आणि तिनं तोंड फिरवलं.

दोन दिवसांनी दालनाचा अधिकारी साहित्य न्यायला आला. भला माणूस होता, पण फलक छापून झाले होते. "काका, नोंदवहीत जे आहे तेच आम्ही लिहिलं. आणि हे पान तर कोरं दिसतंय."

"बॅटरी आडवी धरा," रद्दीसाहेब म्हणाले.

अधिकाऱ्यानं वाचलं. दोनदा वाचलं. समासातली तारीख नोंदवहीतल्या, त्या मुलीला कामावरून काढल्याच्या हुकुमाच्या तीन आठवडे आधीची होती, हेही त्यानं स्वतःच मोजलं. तरी तो चाचरत म्हणाला, "फलक आता बदलायचा म्हणजे वरून मंजुरी..."

"मग इथून कागदाचा कपटाही मिळणार नाही!" रद्दीसाहेबांचा मूळचा आवाज परत आला. "रिकाम्या भिंती दाखवा लोकांना! एका मुलीचं आयुष्य धुळीला मिळवलंत, आता तिची बदनामी रंगवून भिंतीवर लावता, वर मंजुरीच्या गोष्टी सांगता मला?"

"अहो, हळू," बायको म्हणाली.

"हळू बोलणाऱ्यांचं काही उरत नाही या घरात!" असं म्हणून त्यांनी पुस्तक उचलून पाकिटात घातलं.

आठवड्याभरात फलकाचा नवा मजकूर आला. पंचिंग विभागाची चूक नव्हती, प्रोग्रामची होती, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पुस्तक पान त्रेचाळीसवर उघडं राहणार होतं, शेजारी आडवा दिवा. ताईनं ते वाचून घडी घातली. पण भावाशी ती अजून धड बोलत नव्हती, आणि रद्दीसाहेबांनाही ते बरोबरच वाटत होतं. त्या आठवड्यात त्यांनी रॅकवरचं एकेक पुस्तक काढून बॅटरीखाली धरलं होतं. दीडशे पुस्तकं पाहून झाली. सातांमध्ये काही ओरखडे दिसले. बाकी सगळी स्वच्छ.

निळं पुस्तक न्यायला माणूस खाली येऊन थांबला, तेव्हा ताई पलंगावर बसून होती. रद्दीसाहेबांनी पाकिटातलं नोंदकार्ड काढलं आणि 'स्थिती: स्वच्छ' यावर काट मारली. पेन्सिल घेऊन खाली लिहायला लागले: 'पान ४३चा समास मी खोडला. तिथं ऑपरेटर बावीसची एक ओळ होती: पडताळलं, बरोबर.' अक्षर फिकं उमटत होतं.

ताई उठून त्यांच्या मागं येऊन उभी राहिली.

"दाबून लिही," ती म्हणाली.