रुसलेला इवाई

माझ्या थोरल्या लेकाच्या लग्नात मी जेवायला बसलो आणि उठलोच नाही.

गोष्ट निजामाच्या अमलातली. माझं वय पन्नास, गुडघ्यांचं सत्तर! वसमतच्या हकीमसाहेबांनी बजावलं होतं, "जोड घासलेत. मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, रोज थोडं चाला." पण नवरदेवाचा बाप पंगतीत खाटेवर बसून जेवणार? लोक काय म्हणतील! (काय म्हणाले, ते सांगतोच.)

मांडी ठोकून पाच पुरणपोळ्या हाणल्या. पंगत उठली. मी उठायला गेलो तर गुडघ्यात कट्कन आवाज झाला आणि कळ पार कमरेत! खरं सांगायची लाज वाटली. मिशीला पीळ देत तसाच बसून राहिलो.

नवरीचे वडील, म्हणजे माझे व्याही माणिकराव, धावत आले. "इवाई, काहून बसून राहिले?"

"बसलो असाच."

झालं! मांडवभर बोभाटा, वरबाप रुसला! माणिकरावांनी धोतरजोडी आणली. मी जागचा हललो नाही. अंगठी काढली. तरी मी मांडी घालून तसाच. मग दावणीची म्हैसच आणून उभी केली! "ही घ्या, पण उठा!" (उठता आलं असतं तर मी म्हशीच्याही आधी पळालो असतो.)

शेवटी त्या भल्या माणसानं समोर उकिडवं बसून डोक्याचा पटका माझ्या पायावर ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रुसलो न्हाई हो! गुडघे धरलेत!"

"आं?" म्हणत ते उठायला गेले आणि कट्! ते खालीच.

"तुमचेबी?"

"व्हय... दोन वर्सं झाले."

"आता दोघंबी रुसले!" मांडवातून कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात खुद्द नवरी पुढं आली. "सरका! कुणी ओढू नका त्यायला. बाबांची ही रोजचीच तकलीफ हाय." तिनं एक खाट आणि कोमट तिळाचं तेल मागवलं, तेल चोळलं. "मामाजी, आधी पाय लांब करा. आता खाटेला हात टेका. दमानं!" आधी मी उठलो, मग तिचे बाबा. भर मांडवात आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो.

त्या पोरीनं घरी येताच माझा पाट अडगळीत टाकला, उंच बैठक केली, रोज सकाळी बांधापर्यंत चालायला लावलं. गुडघे नवे झाले नाहीत, पण चालते झाले. देवानं सून नव्हे, वैद्यच धाडला!

"दुखणं लपवायचं न्हाई," ही तिची ताकीद मी इतकी मनापासून पाळतो, भेटेल त्याला गुडघ्यांचं गाऱ्हाणं इतकं ऐकवतो, की सकाळी मी समोरून येताना दिसलो, की अख्खं गाव धूम पळत सुटतं. आमच्या गावात दुसऱ्या कुणाचे गुडघे दुखत नाहीत, ते या रोजच्या पळण्यामुळं!