पाकिटावर ‘बीपी’ लिहा!

कळमनुरीत माझं मेडिकल आहे. औषधांना एक्सपायरी असते, किश्श्यांना नसते, म्हणून ते साठतच जातात. सगळ्यात जास्त कुठले साठले म्हणाल, तर साठी ओलांडलेल्या पुरुषांच्या लघवीचे!

गुरुजी, दत्तराव आणि नामदेवबापू बाजाराच्या दिवशी मिळून यायचे आणि माझ्या बाकावर बसायचे. तिघांनाही बीपी, तिघांचंही प्रोस्टेट वाढलेलं, तिघांनाही त्यावर एकच गोळी. पण एकमेकांना पत्ता नाही! बाकीचे दोघं उठले की हळूच मागायची, असा प्रत्येकाचा बेत. एकदा दोन तास कुणी हललंच नाही. शेवटी तिघंही एकदमच पळाले, कारण तिघांनाही जोराची लागली होती!

*

गुरुजी गोळी मागायचे ते कुजबुजत. तेवढ्यात एखादी बाई काउंटरवर आली, की मोठ्यानं म्हणायचे, "खोकल्याचं औषध द्या!"

मी द्यायचो. एकदा विचारलं, "गुरुजी, किती बाटल्या झाल्या घरी?"

"अकरा. खोकला काही यायला तयार न्हाई!"

*

दत्तरावांचा बीपीचा डॉक्टर हिंगोलीला, प्रोस्टेटचा नांदेडला. ह्याचं औषध त्याला माहीत नाही. प्रोस्टेटच्या गोळीनंही बीपी उतरतं, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं.

"बीपीच्या डॉक्टरला लघवीचं काहून सांगू? लाज हाय का न्हाई?"

एक दिवस कनेरगाव नाक्याला ढाब्यावर जेवून उठले आणि चक्कर येऊन आडवेच झाले. मी दोन्ही डॉक्टरांना फोन केला, डोस बदलून घेतला. दत्तराव दुकानात आले ते भांडायला. "माझी बेइज्जती केली तुमी!" तेव्हापासून ते समोरच्या दुकानात जातात.

*

त्यातून मी धडा घेतला, तोही उलटा. नामदेवबापू प्रोस्टेटच्या गोळीचं पाकीट पुढे करून म्हणाले, "ह्याच्यावर बीपी लिवा. घरात सून हाय."

आणखी एक गिऱ्हाईक कशाला घालवा? मी हसत हसत लाल पेनानं ठळक लिहून दिलं. त्या हसण्याची मला आज शरम वाटते.

*

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बापूंना चक्कर आली. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना वाटलं, बीपी वाढलं. त्यांनी त्याच पाकिटातली गोळी दिली. चक्कर वाढली, म्हणून आणखी एक दिली. ही गोळी बीपीची नाही, हे बापूंना कळत होतं, पण सून पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी होती. दोन्ही गोळ्या मुकाट्यानं गिळल्या. मग उठायला गेले आणि ओट्यावरून कोसळले. खुबा मोडला.

मी दवाखान्यात गेलो. कॉटला लघवीची पिशवी लटकलेली, तिच्यावर काकूंनी टॉवेल टाकलेला. गुरुजी आणि दत्तराव उशाशी बसलेले.

"कशानं पडलात, बापू?" गुरुजींनी विचारलं.

"बीपीनं," बापू म्हणाले.

काकूंनी कनवटीचं पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. लाल अक्षर माझंच होतं.

"भाऊ, दोन दिवसांपासून जिवाला घोर लागून राहिला. मी गोळी बराबर दिली ना? माझं तर काही चुकलं न्हाई ना?"

बापूंनी माझ्याकडे बघून हात जोडले.

"बराबर दिली, काकू," मी म्हणालो.