पेताड नावमा नको

नवा फोम हातात आला की नाना आधी त्यात अंगठ्याचं नख रुतवत आणि मला विचारत, "शेठ, हाऊ पानी पेस का?"

दोंडाईच्यात माझं गाद्या-फोमचं दुकान. नाना तापीकाठी फायबरच्या नावा बांधत. नावेतल्या पोकळ बैठकींमध्ये फोम भरायचा आणि वरून कायमचं बंद करायचं, म्हणजे नाव पाण्याने भरली तरी बुडत नाही. नानांच्या लेखी फोमच्या दोनच जाती. शीतपेटीतला कडक तो सोवळा, गादीतला पाणी पिणारा तो पेताड. "पेताड नावमा नको," असं ते मला दरवेळी बजावत. तरीही प्रत्येक लादीचा तुकडा बादलीत दगडाखाली आठवडाभर दाबून ठेवत. मला हसू यायचं.

एकदा पलीकडच्या शेतांत निंदणीला जाणाऱ्या बायांसाठी नाव बांधायची होती. कडक फोमच्या दोन लाद्या कमी पडल्या. मी तशाच पिवळ्या दिसणाऱ्या, गादीच्या दोन लाद्या खपवल्या. म्हटलं, उन्नीस-बीसने काय होतंय! बायांना घाई होती. माझ्या शब्दावर नानांनी बादलीची वाट न बघता बैठकी बंद केल्या.

नाव पाण्यात उतरायच्या आदल्या दुपारी नाना दुकानात आले. काउंटरवर बादलीतला तुकडा धरून पिळला. पाणी माझ्या हातावर ओघळलं.

"दोनच लाद्या आहेत, नाना."

"कोठे शेतस त्या?"

कोणत्या बैठकीत, मला काय माहीत! त्यांनाही माहीत नव्हतं.

नानांनी सगळ्या बैठकी फोडल्या. बाया काठावर बसून बघत होत्या. मी मान वर केली नाही. नानांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नाव पुन्हा तयार झाली तेव्हा म्हणाले, "शेठ, बसा." मला पोहता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. खोल पाण्यात नेऊन ते बादलीने नदी आत ओतू लागले. पाणी घोट्यांवरून गुडघ्यांवर आलं. नावेचा काठ पाण्याला टेकला. मी बैठक गच्च धरून डोळे मिटले. नाव जराशी खचली आणि तिथेच थांबली.

"देखं का? पेत नही," नाना म्हणाले आणि त्या प्रकरणानंतर पहिल्यांदा हसले.

गेल्या महिन्यात नाना गेले. पलीकडच्या त्यांच्या गावी त्यांना त्याच नावेतून नेलं. त्या बायाही आल्या होत्या. नाव गच्च भरली होती. मी नानांच्या पायाशी बसलो, बैठकीवर हात टेकला आणि त्यांच्याच सवयीने विचारून गेलो, "नाना, पेस का?"