मोऱ्याच्या घशात हात

आसगावात खुशालला डॉक्टर म्हणायला लोकांनी निकालाची वाट पाहिली नव्हती. नागपूरच्या कॉलेजात तो ढोरांच्या डॉक्टरकीला लागला, त्याच दिवशी तो डॉक्टर झाला. सुटीत गावी आला की लोक त्याला गोठ्यागोठ्यातून फिरवत. फी म्हणून चहा मिळे. सल्ला चुकला तर जनावर मरे, बरोबर ठरला तरी कधीकधी मरे. त्यामुळे नाव खराब व्हायला काही वाव नव्हता.

१९७८ च्या आषाढात त्याच्या घरचाच बैल, मोऱ्या, आजारी पडला. लाळ गळत होती, आवाज घोगरा झाला होता. चारा तोंडात घेई, पण गिळता येईना.

"घशात काई अटकलं असन," त्याचा बाप तुलाराम म्हणाला. "पाह्य बरं, डॉक्टर."

अंगणात बरीच माणसं जमली होती. इतक्या लोकांसमोर शिकलेल्या पोराने नुसतं पाहायचं, हे काही शोभलं नसतं. खुशालने बाही वर सारली आणि मोऱ्याच्या घशात कोपरापर्यंत हात घातला. हाताला काही लागलं नाही; दाढेने मनगट तेवढं खरचटलं. घसा सुजला आहे, पातळ पाजा, असं सांगून तो हात धुवायला गेला. लोक समाधानाने घरी गेले.

पातळ पाजण्याचं काम मायकडे आलं. गोदावरीबाई बांबूच्या नळीने मोऱ्याला भाताची पेज पाजायची, त्याचा जबडा कवेत धरायची, लाळ हातानेच पुसायची. चिखलात काम करून तिची बोटं चिरलेली होती. पण पावसाळ्यात आसगावात कोणत्या बाईची नसतात? दोन दिवसांनी मोऱ्या मेला. पोटचं पोर गेल्यासारखी ती रडली. खुशाल नागपूरला परतला, कारण त्याला मुलाखतीचा अभ्यास करायचा होता.

मुलाखत भंडाऱ्याला, जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात होती. शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला तिथे प्रत्यक्ष कामाचं शिक्षण मिळणार होतं. बाकीच्यांची रवानगी कुठल्या तरी कोंबड्यांच्या केंद्रात व्हायची. खुशालला कोंबड्या आवडत नसत, आणि भंडाऱ्याहून शनिवारी घरी जाता आलं असतं. म्हणून त्याने पुस्तक पानासकट पाठ केलं होतं.

टेबलामागे तिघे होते. दोघे चहा पीत होते. मधले मोठे डॉक्टर विचारत होते.

"समजा बैल आहे. लाळ गळते, गिळत नाही, आवाज बसला आहे. मालक म्हणतो, घशात काहीतरी अडकलं. तू काय करशील?"

"सर, तोंडात हात घालणार नाही," खुशाल धडाधड सांगू लागला. "आधी पिसाळलेला आहे असंच धरून चालीन. जनावर वेगळं बांधीन. लाळेत रोग असतो, जखमेतून शरीरात जातो. ज्यांनी ज्यांनी तोंडात हात घातला असेल, लाळ पुसली असेल..."

तो थांबला. पुस्तकात नुसता 'बैल' होता. घरचा मोऱ्या होता. या दोघांची गाठ त्याच्या डोक्यात इथवर कधी पडलीच नव्हती.

"असेल, तर?"

"त्यांना ताबडतोब पोटात चौदा इंजेक्शनं, सर."

"आणि एकदा लागण होऊन लक्षणं दिसली, की?"

"मग उपाय नाही, सर."

"शाब्बास! आज आलेली सगळी पोरं घशात हात घालून मोकळी झाली. गाढवं लेकाची." चहा पिणारे दोघेही हसले.

"सर, बारा-तेरा दिवस उलटले असतील तर?"

"तरी द्यायचीच. पण प्रश्न आम्ही विचारायचे असतात," मोठे डॉक्टर म्हणाले, आणि खुशालची निवड झाली.

त्याच संध्याकाळच्या एसटीने तो आसगावला गेला. माय पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंढ्या डोक्यावर घेऊन शेताच्या बांधीतून येत होती. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, जोरात होता.

"माय, मोऱ्या पिसाळला होता."

"मोऱ्या? तो तं गरीब होता बिचारा. पिसाळते ते कुत्रं. बैल कायले पिसाळन?"

"पोटात इंजेक्शन घ्या लागते. भंडाऱ्याले. मलेबी अन् तुलेबी."

"लागलं हाताले अन् टोचतेत पोटात? हे कोणती डॉक्टरी रे, बाबू?"

बांधीत रोवणा करणारी शेजारीण धुरपता खदखदून हसली. "गोदाबाई, पोरगा ढोरांचा डॉक्टर झाला अन् पयलं इंजेक्शन मायलेच देते!"

तरी ती आली. पोराच्या शब्दाखातर परक्या कंपाउंडरसमोर लुगडं सारून चार दिवस तिने पोट पुढे केलं. चौथ्या दिवशी पोट सुजून टणक झालं. ओणवं होता येईना, आणि ओणवं झाल्याशिवाय रोवणा होत नाही.

"दोन दिवसांनं येतो ना, बाबू. पऱ्हे सुकून राहिले."

"माय, मरशील."

"मरत नाई. रोवणा तं होऊ दे."

खुशाल भंडाऱ्यातच होता. त्याची चौदाच्या चौदा झाली. निवडीचा एवढा फायदा झाला. दर शनिवारी तो घरी जाऊन मायच्या उरलेल्या इंजेक्शनांसाठी भांडायचा. रोवणा संपला तर निंदण निघालं, निंदण संपलं तर माय म्हणाली, "पाह्य, काई झालं का मले?" काही झालं नव्हतं, हे खरंच होतं. पुढे पुढे तोही थोडं कमी भांडू लागला.

दिवाळीला तो घरी आला, तेव्हा माय तापाने ओसरीवर निजली होती. हाताला मुंग्या येतात म्हणत होती. तुलारामने तिच्यापुढे पाण्याचा लोटा धरला. तिने तो ओठांपर्यंत नेला, तसा तिचा गळा आवळला, आणि तिने लोटा खाली ठेवला.

"उतरून नाई राहिलं," ती लाजल्यासारखी म्हणाली.

अंगणातून वारा आला, तसा तिचा गळा पुन्हा आवळला. खुशालने तिला उचलून आतल्या खोलीत निजवलं. दार लावलं, खिडकी लावली, फटींत पोती कोंबली.

"एवढ्या तापात दार काहून लावते?" तुलाराम म्हणाला. "हवा येऊ दे तिले. अन् औषध काय आनाचं ते सांग, मी पवनीच्या दुकानातून आनतो."

"तिले वारा सहन होत नाई, बा," खुशाल म्हणाला. आणि आणखी एक पोतं त्याने दाराखालच्या फटीत कोंबलं. तुलाराम पायात चपला घालून, पिशवी घेऊन, औषधाचं नाव ऐकायला दाराबाहेर उभा राहिला.